घरच्या नावाचा रकाना

आकझारिक वीज कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक माणसाच्या नोंदीत शेवटी एक जास्तीचा रकाना आहे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, डेपो, कोणती लाईन ठाऊक आहे, खांबावर चढायचा दाखला आहे की नाही, हे सगळं संपलं की खाली लिहिलेलं असतं, ‘घरचं नाव’. कझाक मुलखात, कारागंदातल्या मोठ्या कार्यालयात पंचवीस वर्षांत चार वेळा सगळी यंत्रणा बदलली. दर वेळी बाहेरून हुशार माणसं आली, आणि दर वेळी त्यांनी या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कशाला?"

राउशान साबितोव्हना दर वेळी एकच उत्तर द्यायची. "असू दे. तुमच्या ताटातलं काही खातोय का तो?"

हा रकाना कसा आला ते कंपनीत आता फार थोड्यांना ठाऊक आहे.

राउशान पंच्याऐंशी साली कंपनीत लागली, बावीस वर्षांची असताना. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढ्या यंत्रांनी भरलेली एक मोठी खोली होती. मुली पांढरे कोट घालून, पायात कापडी सपाता चढवून आत जायच्या, देवळात जावं तशा. उन्हाळ्यात सगळ्या इमारतीत तेवढीच खोली गार. यंत्राच्या मागून थंड हवेचा झोत यायचा, तिथे मुली कुमिसच्या बाटल्या लपवून ठेवायच्या. साहेब तपासणीला आले की घोडीच्या आंबूस दुधाचा वास यायचा आणि सगळ्या जणी गंभीर चेहऱ्याने यंत्राकडे बघत राहायच्या. कामाचे भोकं पाडलेले पुठ्ठे वापरून झाले की राउशान ते घरी न्यायची. तिची सासू हिवाळा लागला की तेच पुठ्ठे खिडक्यांच्या फटीत ठोकून बसवायची. "तुमच्या त्या यंत्राचा एवढा तरी उपयोग झाला," असं म्हणायची.

त्याच वर्षी राउशानचं लग्न सेरझान ओस्पानोवशी झालं. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याचे वडील दुइसेनबाय याच कंपनीत लाइनमन होते. सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही, ही तिथली रीत. घरात आल्यावर तिने प्रत्येकाला स्वतःहून एक नाव द्यायचं आणि जन्मभर त्याच नावाने बोलायचं. थोरल्या दिराला मिर्झा काइनागा, म्हणजे मोठा साहेब दीर. आत्तेसासूबाईंना गोरी अपा, म्हणजे गोऱ्या ताई. सासरे खांबांवर चढून दिवे लावणारे, म्हणून ते झाले शामशी अता, दिवेवाले आजोबा. तिथल्या भाषेत सोमवारला दुइसेनबी म्हणतात. त्यात सासऱ्यांच्या नावाचा अर्धा भाग येतो, म्हणून राउशान घरात सोमवारसुद्धा म्हणायची नाही. बाजार रविवारी भरायचा, म्हणून ‘बाजाराचा दुसरा दिवस’ म्हणायची. सासरे मिशीतल्या मिशीत हसायचे. "माझ्यामुळे पोरीच्या आठवड्यातला एक दिवस गेला."

ऑफिसात मात्र सगळा कारभार रशियन भाषेत, तिथे सोमवार मोकळेपणी म्हणता यायचा.

मग देश बदलला, जुना मोठा देश फुटून कझाकांचा वेगळा देश झाला. नव्वदनंतरची ती वर्षं कारागंदातल्या कुणाला विचारा, माणसं आधी गप्प होतात आणि मग एकदम हसायला लागतात. वीज कंपनीच्याच कार्यालयात मेणबत्त्या लावून काम चालायचं. मोठी यंत्रं भंगारात गेली, त्यांच्या जागी टेबलावर मावतील असे दोन कॉम्प्युटर आले. पण खरं नुकसान निराळंच होतं. माणसं देश सोडून चालली होती. युद्धाच्या काळात तिथे आणून वसवलेले कारागंदातले जर्मन तर गल्लीच्या गल्ली रिकामी करून जर्मनीला गेले. त्यातच गेला व्हिक्तोर गेन्रिखोविच. एकतीस वर्षं तो कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसला होता. कुठल्या माळावर कुठली लाईन पडली की कुणाला पाठवायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात. कागदावर काही नाही. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात दोन बॅगा आणि ते डोकं घेऊन तो निघून गेला.

पहिला महिना कंपनीचे लोक त्याला चक्क जर्मनीला फोन करायचे. एकदा तो तिकडून ओरडला म्हणे, "अरे, मी पावाच्या रांगेत आहे! तासाभराने विचारा, तोवर अंधारात बसा!"

तेव्हा कंपनीचे संचालक सागात मुकानोविच यांनी राउशानला बोलावलं.

"नऊशे बारा लाइनमन आहेत. कोण कुठे राहतो, कुठल्या डेपोत आहे, कुणाला कुठली लाईन ठाऊक आहे, सगळं त्या डब्यात घाल. नवीन वर्षाच्या आत. नवा माहिती विभाग काढायचाय मला, अकरा माणसांचा. हिवाळ्यात यादी चालली, तर खुर्ची तुझी."

कंपनीत तोवर कॅन्टीन सोडलं तर कुठल्याही विभागाची प्रमुख बाई नव्हती. राउशान तेव्हा पस्तीस वर्षांची होती. तेरा वर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली काम करत आली होती, आणि दर वेळी वरची जागा रिकामी झाली की तिला सांगितलं जायचं, तुझी मुलं अजून लहान आहेत. ती खुर्ची तिला हवी होती. तिने हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या शरद ऋतूत ती जेवताना सुद्धा यादीच बोलत होती.

कामाची पद्धत अशी होती. प्रत्येक माणसाचं एक पिवळं कार्ड होतं, तीन पिढ्यांच्या कारकुनांनी हाताने लिहिलेलं. अक्षर असं की लिहिणाऱ्यालाच लागावं. टाइप करायला ल्युदा होती, युक्रेनी घरातली बावीस वर्षांची मुलगी, दहा बोटांनी पाऊस पाडावा तशी टाइप करायची. पण त्या अक्षरातली कझाक नावं तिला लागेनात. म्हणून एकीने कार्ड मोठ्याने वाचायचं आणि ल्युदाने टाइप करायचं, असं ठरलं. वाचायला राउशान आणि आणखी तिघी. चौघीही कुणाच्या ना कुणाच्या सुना, आणि कंपनी अशी की बाप, मुलगा, दीर, जावई सगळे तिथेच. पलीकडे किटलीत चहा, बशीत कुर्तचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, आणि दिवसभर वाचन. ते तीन महिने फार सुखाचे गेले, असं राउशान पुढे नेहमी सांगायची. एवढ्या हसलो आम्ही, म्हणायची.

काम संपलं. नऊशे बारा कार्डं, नऊशे बारा नोंदी. तिने दोनदा मोजलं. कार्डांचे गठ्ठे सुतळीने बांधून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामात गेले.

सत्तावीस डिसेंबरला सकाळी वादळ सुटलं. तिकडे त्याला बुरान म्हणतात. आडवा बर्फ, हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. अकराच्या सुमाराला चौदा नंबरची लाईन पडली आणि कुयांदी गाव अंधारात गेलं. गावाच्या बॉयलरचे पंप विजेवर. पंप बंद पडले की चार-पाच तासांत सगळ्या गावाचे पाइप गोठून फुटणार, आणि त्या गावात एक प्रसूतिगृह होतं.

कंट्रोल रूममध्ये तेव्हा मुखित बसायचा. पावलोदारहून नुकताच बदलून आलेला, इथे कुणाला ओळखत नव्हता. त्याला एवढं ठाऊक होतं की चौदाला जुन्या बंद खाणीवरून एक वळणाची लाईन आहे. ती जोडली तर कुयांदीला वीज मिळते. ती जोडणारा माणूस कोण? त्याने कॉम्प्युटरला विचारलं. कॉम्प्युटरने लगेच उत्तर दिलं. एकच माणूस. शामशी अता.

फोन केव्हाच मेले होते, आणि वादळात माणसं आपापल्या डेपोत नव्हती, जिथे सापडली तिथेच अडकली होती. मुखितने वायरलेस घेतला. "सगळ्या डेपोंनी ऐका. चौदा नंबरसाठी शामशी अताला पाठवा. शामशी अता आज कुठल्या डेपोत अडकलाय?"

कुणालाच ठाऊक नाही. एका डेपोतून आवाज आला, "कोण अता? आयाझ अता पाहिजे का? लाल डगला, पांढरी दाढी? तो नवीन वर्षालाच येतो बघ, भेटी घेऊन!" आणि माळभरच्या वायरलेसवर हशा पिकला.

मुखित धडधडत खाली राउशानच्या खोलीत आला. "बाई, हा शामशी अता कोण आहे?"

राउशानच्या हातातला चहाचा वाडगा तिथेच राहिला. तिने यादी उघडली आणि पहिल्यांदाच नीट वाचली. मोजली होती, वाचली नव्हती. मिर्झा काइनागा. धाकटा काइनागा. लंगडा काइनागा. गोरा अता. पुन्हा मिर्झा काइनागा, दुसऱ्या कुठल्या तरी सुनेचा.

"ल्युदा, हे काय आहे?"

"तुम्ही वाचलंत तेच आहे," ल्युदा गोंधळून म्हणाली. "मला वाटलं तुमच्यात असतात अशी नावं. काइनागा हे मोठं घराणं असेल म्हटलं. सतरा जण आहेत."

काइनागा म्हणजे नुसता दीर. कार्डावर खरं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. पण सासरच्या माणसाचं कार्ड आलं की चौघींची जीभ आपोआप वळली होती. आणि हे चौघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण चौघींनाही ते चुकीचं वाटलंच नव्हतं.

"ल्युदा, गोदामात जा. मिळेल त्या गाडीने जा. कार्डं घेऊन ये," एवढं सांगून राउशान मुखितच्या मागे जिना चढली.

वर दोन वायरलेस होते. एकावर बर्फात अडकलेली गाडी मदत मागत होती. मुखित त्याच्यावर ओणवा झाला आणि दुसऱ्याचा माइक त्याने राउशानच्या हातात कोंबला. "तुमचा माणूस तुम्ही शोधा! मी यांना सोडू शकत नाही."

तिने बटण दाबलं. "अता," ती म्हणाली. "अता, मी बोलतेय. तुमची सून."

पाच डेपोंतून पाच म्हाताऱ्यांनी उत्तर दिलं, "बोल पोरी!"

"नाही, नाही, माझे अता. शामशी अता."

"कुणाची सून गं तू? नाव सांग ना सासऱ्याचं!"

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. राउशानने डोळे मिटले. तेरा वर्षांत एकदाही जे नाव तिच्या ओठांवर आलं नव्हतं, ज्याच्यापायी तिने सोमवार सोडला होता, ते तिने सगळ्या माळरानाला ऐकू जाईल असं घेतलं.

"दुइसेनबाय ओस्पानोव! चौदा नंबरचे दुइसेनबाय ओस्पानोव!"

  त्या माळावर असं काही कुणी ऐकलं नव्हतं. मग एक जाड, सावकाश आवाज आला.

"ऐकतोय."

"अता, मला माफ करा..."

"माफी मागाहून. लाईन सांग."

पुढे जे झालं ते दुइसेनबायनी स्वतः कधी सांगितलं नाही. ट्रॅक्टरवर त्यांच्यासोबत गेलेले दोघे सांगायचे. खाणीपाशी खांब दिसतच नव्हते, म्हातारा हाताने बर्फ चाचपत एकेक खांब मोजत गेला, आणि चढताना त्याने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. अडीचला कुयांदीचे दिवे लागले. त्या दिवशी तिथे एक मुलगी जन्मली. तिचं नाव झारिक ठेवलं, म्हणजे उजेड.

दुसऱ्या दिवशी सागात मुकानोविचनी सगळ्यांना बोलावलं. त्यांच्यासमोर यादीची छापील पानं होती, आणि लंगडा काइनागा या नावाखाली त्यांनी लाल रेघ ओढली होती.

"टाइप कुणी केलं?"

ल्युदाचा चेहरा पांढरा पडला. तिचा बाप घरी बसलेला, आईचे डोळे गेलेले, घरात कमावती ती एकटीच. राउशानला हे ठाऊक होतं. एक शब्द न बोलता नुसतं खाली बघितलं असतं तरी भागलं असतं.

"टाइप हिने केलं," राउशान म्हणाली. "जे ऐकलं तेच केलं. वाचलं मी. तपासायचं माझं होतं, मी नुसतं मोजलं. चूक माझी आहे."

"नऊशे बारा नावांत तुला तुझा सासरा सापडला नाही?"

"सापडला म्हणूनच चुकलं, साहेब."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. सागात मुकानोविच हसले नाहीत. त्यांनी ती पानं तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "खुर्चीचं विसर. यादी दुरुस्त कर."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा चहा सासूने स्वतः ओतला. एरवी ते काम सुनेचं. तिकडे वाडगा अर्धाच भरतात, परत परत मागता यावा म्हणून. काठोकाठ भरून दिला तर पी आणि ऊठ असा अर्थ होतो. सासूने राउशानपुढे ठेवलेला वाडगा काठोकाठ भरलेला होता.

"सगळ्या मुलखात सासऱ्याचं नाव गाजवून आलीस," सासू म्हणाली. "उद्या दुकानात मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

दुइसेनबाय वरच्या बाजूला, आपल्या जागी बसले होते. हातांना चरबी चोळत होते, बोटं सुजली होती.

"तीस वर्षं त्या कंपनीत आहे मी," ते शेवटी म्हणाले. "ए चौदा, इकडे ये. ए चौदा, तिकडे जा. व्हिक्तोरसुद्धा चौदाच म्हणायचा, भला माणूस असून. काल पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव घेतलं आडनावासकट." त्यांनी सासूकडे पाहिलं. "पोरीचा चहा कमी कर. सांडेल."

 सासूने वाडगा उचलला, निम्मा परत ओतला आणि दूध घातलं.

"पण एकदाच हं," म्हातारा म्हणाला. "परत नको."

यादी दुरुस्त करायला राउशानला दीड वर्ष लागलं. कार्डांवरून ती आठवड्यात झाली असती. पण तिचा आता कार्डांवरही भरवसा उरला नव्हता. ती ल्युदाला घेऊन सव्वीस डेपो फिरली. प्रत्येक लाइनमनला समोर बसवायचं, त्याची नोंद त्याच्यासमोर मोठ्याने वाचायची, आणि तो हो म्हणाला की पुढे जायचं. नावं ल्युदा वाचायची. ल्युदाला त्या मुलखात सासर नव्हतं. निम्म्या लोकांच्या बाबतीत काही ना काही चुकीचं निघालं. कुणी मेलेला होता, कुणाला तीच लाईन ठाऊक नव्हती जी कागदावर होती. आणि बायका घरून निरोप पाठवायच्या तेव्हा नावं घ्यायच्या नाहीत, म्हणून तिने शेवटी तो रकाना घातला. घरचं नाव. ते मात्र राउशान विचारून घ्यायची.

कुयांदीच्या डेपोत दुइसेनबाय समोर येऊन बसले. नोंद वाचून झाल्यावर म्हणाले, "आणि तुझी? तुझ्या रकान्यात काय आहे?"

"माझा रिकामा आहे, अता. मी तुमच्यात धाकटी, मला कोण नाव देणार?"

"ल्युदा, लिही," म्हातारा म्हणाला आणि त्याने सांगितलं. राउशान लाजून खिडकीबाहेर बघत राहिली.

खुर्चीवर अलमाटीहून एक देखणा तरुण आणला होता. त्याचे बूट फार चांगले होते. दोन हिवाळे काढून तो परत गेला, आणि दोन हजार एक साली सागात मुकानोविचनी राउशानला पुन्हा बोलावलं. यावेळी त्यांनी काही अट घातली नाही. अकरा माणसांचा विभाग पुढे एकशे चाळीसांचा झाला. परदेशी कंपन्या यायच्या, मोठमोठे तक्ते दाखवायच्या. राउशान सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "ठीक. आता ज्याची नोंद आहे त्याला वाचून दाखवा." नवी यंत्रणा सुरू करायच्या आधी प्रत्येकाची नोंद त्याच्यासमोर मोठ्याने वाचायची, हा कंपनीचा नियमच झाला. त्यात वेळ जातो म्हणून लोक कुरकुर करायचे. वादळ आलं की करायचे नाहीत. ल्युदा तिच्या हाताखाली उपप्रमुख झाली. दुइसेनबाय दोन हजार तेरा साली गेले.

गेल्या वर्षी राउशान निवृत्त झाली. शेवटच्या आठवड्यात पाचवी यंत्रणा येत होती. तिच्या जागी आलेला येरासिल, बत्तीस वर्षांचा मुलगा, नियमाप्रमाणे तिच्यासमोर बसून तिची नोंद वाचत होता. ती आपल्या खुर्चीत रेलून ऐकत होती. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, रुजू झाल्याची तारीख.

"घरचं नाव," येरासिलने वाचलं आणि थांबला. "‘नाव घेणारी’. अपा, हे कोणी भरलं?"

"शामशी अतांनी."

"कोण शामशी अता?"

"यादीत आहेत. शोध."

त्याने शोधलं. दिवंगतांच्या नोंदींत शेवटच्या रकान्यावरून ते सापडले. त्या मुलाला काय ठाऊक, त्याने नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं.

"दुइसेनबाय ओस्पानोव. डेपो कुयांदी. लाईन चौदा."

राउशान साबितोव्हना खुर्चीतून उठून उभी राहिली, सासरे खोलीत आल्यावर सुनेने राहायचं तशी, आणि तिने मान थोडी खाली केली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पुढे वाच."